चेहरा नीट झाक

आमच्या अंधारखोलीचा सगळा कारभार दोन शब्दांवर चालायचा. झाकणं आणि भाजणं.

ज्यांनी अशी खोली पाहिली नाही त्यांना सांगतो. फोटोच्या कागदाचा स्वभाव उलटा असतो, जितका उजेड अंगावर घेईल तितका काळा पडतो. एन्लार्जरच्या दिव्याचा उजेड निगेटिव्हमधून खाली कागदावर पडत असताना एखाद्या जागेवर हाताची सावली धरली, की तेवढी जागा काळी पडण्यापासून वाचते आणि फोटोत उजळून येते. हे झाकणं. उलट, आभाळ फारच पांढरं येत असेल तर बाकी सगळं अडवून एकट्या आभाळाला चार क्षण जास्त उजेड द्यायचा, म्हणजे ते गडद होतं. हे भाजणं.

मला हे काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "देवाचंही असंच आहे रे. तो ज्याच्यावर हात धरतो, ते माणूस उजळतं." मी ते ऐकलं आणि जन्मभर खरं धरून चाललो. खोलीत घड्याळ होतं, पण सेकंद मी त्यावर मोजत नसे. देवाचं नाव मोजायचो. एक नाव, एक सेकंद. बारा नावं उजेड, त्यातली चार नावं चेहऱ्यावर हात. छापणारे बाकीचे लोक हसायचे. म्हणायचे, मामांच्या फोटोत देव फुकटात येतो.

मामा हे माझं गावभर झालेलं नाव. मूळचा मी एकीचाच मामा. माझ्या बहिणीची मुलगी, भिंगरी. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी, आणि वयाच्या सातव्या वर्षापासून ती ठरली ती फक्त माझ्या अंधारखोलीत. स्टुलावर उभी राहायची, लाल दिव्यात तिचे दात तेवढे दिसायचे.

"मामा, या आजोबांचं काय करू?"

"चेहरा झाक त्यांचा. काळाठिक्कर आलाय बिचारा."

"आणि टोपी?"

"टोपी भाज."

बाहेरून बहीण ओरडायची, "एक वटवाघूळ घरात होतंच, आता त्यानं पिल्लूही तयार केलं! आजोबांना भाजताय काय, जेवायला या."

पुढे भिंगरी स्वतः फोटो काढायला लागली. लग्नसमारंभाचे नाहीत. कामावरच्या माणसांचे, काळे-पांढरे, तेही ज्या कामांकडे कुणी बघत नाही त्या कामांचे. रोल ती पाठवायची, निगेटिव्ह धुणं नि छापणं माझ्याकडे. माझ्याकडून फोटो थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत जायचे. पंधरा वर्षं हा शिरस्ता होता आणि कधी शब्दाची गल्लत झाली नाही. म्हणून तर झाली.

जुन्या बॅटऱ्या फोडायचा एक कारखाना होता. अंगणात बायका ओळीनं बसून हातोडीनं बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या पट्ट्या वेगळ्या काढायच्या, आणि पलीकडे भट्टीवर पुरुष त्या वितळवायचे. शिसं दिसत नाही, पण श्वासातून जातं, हाताला लागून घासातून जातं. आधी पोट दुखतं, मग हिरड्यांवर निळी रेघ येते, मग एक दिवस मनगट पडतं. बोटं वर उचलतच नाहीत. तिथल्या बायका म्हणायच्या, हात झोपला. ज्यांचा झोपला त्या तो डगल्याच्या खिशात घालून फिरायच्या, कारण हात झोपल्याचं मॅनेजरला कळलं की काम गेलं, आणि काम गेलं की कारखान्याच्या चाळीतली खोली गेली.

भिंगरीनं तिथे आठ महिने काढले. बायकांनी तिला पाठी काढू दिल्या, पाय काढू दिले, हातोड्या काढू दिल्या. झोपलेला हात मात्र कुणी दाखवेना. आणि हात दिसल्याशिवाय त्या फोटोंना अर्थ नव्हता. सरकारी इन्स्पेक्टर दरवर्षी येऊन "सर्व ठीक" लिहून जायचा.

अखेर एकीनं दाखवला. तिच्या डगल्यावर छत्तीस नंबर शिवलेला, सगळ्या तिला छत्तीसच म्हणायच्या. तिचा नवरा अठरा वर्षं भट्टीवर होता, आता चाळीतल्या खोलीत खाटेवर पडून असायचा. घराबाहेर काढावा अशी त्याची अवस्था नव्हती. खोली होती ती छत्तीसच्या हजेरीवर. तिनं दुपारच्या सुट्टीत दाराशी बसून खिशातून उजवा हात काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"ताई, हात घ्या हवा तेवढा," ती म्हणाली. "पण माझा चेहरा झाका हं. नीट झाका. मला ओळखलं तर आम्ही दोघं रस्त्यावर."

"शब्द देते," भिंगरी म्हणाली.

हे सगळं मला नंतर कळलं. माझ्यापर्यंत आला तो रोल, गाडीच्या ड्रायव्हरच्या हातून, आणि एक चिठ्ठी. भिंगरी अजून तिकडेच होती, तिथे फोन लागत नसे. चिठ्ठीत लिहिलं होतं: "नऊ नंबर मुख्य. हात दिसू दे. चेहरा नीट झाक."

मी निगेटिव्ह लावली. सुरेख होती. पत्र्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी येऊन बरोबर हातावर पडलेली. हात असा लोंबत होता, जणू कुणी हातमोजा वाळत घातलाय. डगला, गुडघा, सगळं स्वच्छ. डगल्यावर गळ्याशी शिवलेल्या नंबरापासून वर अंधार. पण अगदीच कोरा नव्हता. निगेटिव्ह दिव्यासमोर धरून पाहिली तर त्या अंधारात एक चेहरा होता, पुसट, पाण्याखाली नाणं असावं तसा.

मी मनात म्हटलं, वा भिंगरी. अवघड काम दिलंस मामाला.

पहिला कागद फुकट गेला. दुसऱ्यात चेहरा राखाडी आला, मेल्यासारखा. तिसऱ्यात हाताच्या सावलीची कड दिसली. चौथ्या कागदावर मी चौदा नावं उजेड दिला, आणि त्यातली नऊ नावं तळहात तिच्या चेहऱ्यावर धरून हलवत राहिलो, आईनं निजलेल्या लेकरावरच्या माश्या वाराव्यात तसा. कागद ट्रेमध्ये टाकला. लाल दिव्यात आधी हात वर आला. मग गळ्याशी शिवलेला आकडा. मग गाल. मग डोळे. मी ट्रेवर वाकून म्हणालो, "ये बाई, ये."

आली. असा चेहरा मी चाळीस वर्षांत छापला नव्हता. रडत नव्हती, तक्रार नव्हती. कुणावर तरी भरवसा टाकून बसलेली बाई. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, आज माझ्या हातून सेवा घडली.

रविवारी अर्ध्या पानावर फोटो आला. संपादकांचा फोन आला. "मामा, तुमचा हात सोन्यानं मढवायला हवा."

"हात त्या बाईचा बघा," मी म्हटलं. "माझ्याचं काय घेऊन बसलात!"

सोमवारी भिंगरी आली. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं.

"मामा, हे काय केलंस?"

"काय केलं? तू सांगितलंस तेच."

"मी सांगितलं चेहरा झाक!"

"मग झाकला ना! नऊ नावं झाकला. इतकं तर मी..."

बोलता बोलता मी थांबलो. तीही थांबली.  मग ती हळूहळू स्टुलावर बसली.

"तिनं झाका म्हटलं होतं," भिंगरी म्हणाली. "मी तिचा शब्द लिहिला, मामा."

"मी आपला वाचला."

बहीण दारात आली होती, चहा विचारायला. काही न विचारता परत गेली. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी मी अंधारखोलीत गेलो आणि नाव घ्यायला तोंड उघडलं, तर घेता येईना. देवावर रुसवा नव्हता. तेच नाव घेत घेत मी एका बाईला उघडं पाडलं होतं, नऊ वेळा. आता कुठल्या तोंडानं घ्यायचं?

चौथ्या दिवशी छत्तीस स्वतःच आमच्या दारात उभी राहिली. उजवा हात खिशात. मी तिला पाहताक्षणी ओळखलं. फोटोत जो भरवसा होता तो नव्हता, बाकी सगळं तेच. मी पाया पडायला वाकलो तर ती मागे सरली.

"हे नको, मामा. वेळ नाही मला. सुट्टी मागून आलेय."

भिंगरी म्हणाली, "वहिनी, तुम्ही दोघं इथे येऊन राहा. आजच्या आज. आम्ही गाडी..."

"त्यांना उचललं तर वाटेत जातील. डॉक्टर म्हणाले." ती हे अशा आवाजात म्हणाली, जसं कुणी दुकान बंद आहे म्हणून सांगावं. "ऐका. फोटोमुळे इन्स्पेक्टर येतोय परवा. मॅनेजर म्हणाला, मी जर म्हटलं की फोटो खोटा आहे, ताईंनी मला हात तसा धरायला लावला, तर आमचे हे असेपर्यंत खोली राहील. कामही राहील. डाव्या हातानं जमतं मला."

"आणि आम्ही?" भिंगरीनं विचारलं.

"तुम्हीही तेच म्हणायचं."

भिंगरी उठून खिडकीशी गेली. "वहिनी, आठ महिने. तीस बायका आहेत त्या अंगणात. हा फोटो खोटा म्हटला तर सगळेच खोटे ठरतील. पुन्हा कुणी तपासायला येणार नाही तिथे."

"तीस जणी मला ठाऊक नाहीत होय? मी त्यांच्या शेजारी बसते. तुम्ही फोटो काढून जाता." मग जरा थांबून, मऊपणे, "ताई, तुम्ही मला काय म्हणाला होतात दाराशी?"

भिंगरीनं खिडकीचं दार लावून घेतलं.

"काय म्हणाला होतात?"

"शब्द देते म्हटलं होतं."

"मग तो द्या."

बहिणीनं चहा आणून ठेवला. छत्तीसनं डाव्या हातानं कप उचलला, दोन घोटांत संपवला आणि म्हणाली, "साखर चांगली घालता." बहीण पदरानं डोळे पुसत आत पळाली. घरात चार माणसं, आणि हसली ती एकटी छत्तीस.

दोन दिवसांनी भिंगरी आणि मी कारखान्यात गेलो. छापणारा कोण म्हणून मलाही बोलावणं होतं. मॅनेजरची खोली काचेची, अंगणाकडे तोंड करून. बाहेर बायका मान खाली घालून बसलेल्या, हातोड्यांचा आवाज काचेतून बारीक येत होता. त्या दिवशी सगळ्यांना तोंडाला बांधायला नव्या पट्ट्या दिल्या होत्या. आत टेबल, पंखा, पाण्याचा जग, आणि टेबलावर माझा फोटो. मूळ प्रत, कचेरीतून मागवलेली.

इन्स्पेक्टर उतारवयाचा, दमलेला माणूस होता. त्याच्या तोंडावर दुष्टपणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"हा फोटो तुम्ही छापलात?"

"हो, साहेब."

"चेहऱ्यावरचा हा उजेड. तिथे होता, की तुम्ही आणलात?"

"आणला."

"कसा?"

"हातानं."

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. "घ्या. हातानं! लिहा साहेब, जसंच्या तसं लिहा."

मला सांगायचं होतं की आणला म्हणजे बनवला नव्हे. निगेटिव्हमध्ये नसलेलं माणूस कागदावर कुणाच्या बापालाही आणता येत नाही. आम्ही फक्त आडोसा धरतो, येणारं आपलं आपण येतं. हे सगळं जिभेवर आलं होतं. कोपऱ्यात छत्तीस उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. 'हातानं' इतकं खरं मी आयुष्यात बोललो नव्हतो, आणि ते लिहिलं गेलं फोटो खोटा असल्याचा पुरावा म्हणून.

मग भिंगरीची पाळी आली.

"हात असा धरायला तुम्ही सांगितलंत?"

पंखा फिरत होता. भिंगरी फोटोकडे बघत होती.

"बाई, मी काय विचारलं?"

"हो."

"मोठ्यानं बोला, मला लिहायचंय."

"हो. मी सांगितलं."

आठ महिन्यांची मेहनत त्या एका शब्दात गेली. ती चाळिशीची बाई मला त्या क्षणी पुन्हा स्टुलावर उभी असल्यासारखी दिसली, फक्त तिला उतरवून घेणारं कुणी नव्हतं.

इन्स्पेक्टरनं लिहिलं, पान उलटलं आणि छत्तीसकडे वळला. "हात वर करा बरं."

तिनं हात वर केला. डावा. पार डोक्याच्या वर, बोटं ताणून, शाळेत उत्तर येणारं पोर करतं तसा.

इन्स्पेक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. "यात उजवा आहे."

 बाहेरची एक हातोडी तेवढी चालू होती. छत्तीसचा हात अजून वरच होता, ती खाली घ्यायला विसरली होती.

मॅनेजर म्हणाला, "निगेटिव्ह उलटी लागली असेल. डाव्याचं उजवं होतं मग. होतं ना असं, मामा?" त्यानंही मला मामा म्हटलं.

होतं असं. नवशिक्यांचं होतं. चाळीस वर्षांत माझी एकही निगेटिव्ह उलटी लागली नव्हती. आणि लागली असती तर त्या फोटोत डगल्यावरचा छत्तीसचा आकडा आरशातल्यासारखा उलटा आला असता. तो सरळ होता. लहान पोरालाही वाचता येईल असा सरळ.

"होतं," मी म्हणालो. "माझ्याकडून उलटी लागली, साहेब. नजर गेली आता."

इन्स्पेक्टरचं बोट फोटोवर होतं. ते सरकत सरकत त्या आकड्यावर आलं आणि तिथे थांबलं. त्यानं वाचलं. वाचलेलं मला दिसलं, मला दिसलं हे त्याला दिसलं. मग त्यानं बोट उचललं, पेनाचं टोपण काढलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बाई, घ्या हात खाली."

सही करून आम्ही बाहेर अंगणात आलो. भिंगरी कुणाकडे न बघता फाटकाच्या दिशेनं चालायला लागली. तिचा कॅमेरा पिशवीत होता. काढेल असं मला त्या दिवशीही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. छत्तीस माझ्यामागून आली आणि हळूच म्हणाली, "मामा, बरं केलंत. देव तुमचं भलं करो."

मी हात जोडले. दुसरं काय करणार? तिनं ते मनापासून म्हटलं होतं, आणि ते मला घ्यावंच लागलं.

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. मी निघणार एवढ्यात ओळीच्या शेवटची एक बाई उठून माझ्याजवळ आली. विशी-बाविशीची, डगल्यावर नंबर एकावन्न, नवी असावी. तोंडावरची पट्टी तिनं खाली ओढली.

"तुम्ही ते फोटो छापणारे ना?"

"हो, बाळा."

"मी फोटो पाहिला तेव्हापासून झोप नाही मला. माझ्याही बोटांना मुंग्या येतात, सकाळी उठलं की. मी घरी म्हटलं, हे काम सोडते, पोरं लहान आहेत. नवरा म्हणाला, सोड. मग आज सगळ्या म्हणायला लागल्या, तो फोटो खोटा आहे म्हणून." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "खरंच खोटा होता का?"

काचेच्या आत मॅनेजर उभा होता, आमच्याकडेच तोंड करून. चार हातांवर छत्तीस बसली होती. तिची हातोडी थांबली होती.

देवाचं नाव मला त्या क्षणी आठवलं, पण ते कशासाठी घ्यावं ते कळेना. तिच्यासाठी घ्यावं, हिच्यासाठी घ्यावं, की माझी जीभ झडावी म्हणून घ्यावं.

"हो," मी म्हणालो. "खोटा होता."

"अगं बाई!" तिनं छातीवर हात ठेवला आणि मोकळं हसली. "उगाच जीव टांगणीला लावलात हो आमचा."

पट्टी पुन्हा तोंडावर ओढायचीही विसरली. जागेवर जाऊन बसली, शेजारणीला काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या. मग तिनं पुढची बॅटरी समोर ओढली आणि हातोडी उचलली.